दोन किल्ल्यांची खुर्ची

बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक मॅनेजरकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. एकट्याच्या किल्लीने दार उघडत नाही. नोकरीतली बरीच वर्षं त्यांतली एक जवळ बाळगल्यामुळे असेल, पण कुलगुरुनिवडीच्या बातम्या वाचताना मला आधी ती तिजोरीच आठवते.

आपल्याकडे राज्यपाल हेच विद्यापीठांचे कुलपती. २०१६ चा विद्यापीठ कायदा झाला तेव्हा ठरलं ते असं : शोध समितीने किमान पाच नावं सुचवायची, कुलपतींनी त्यांतलं एक निवडायचं. मुदत पाच वर्षं किंवा वयाच्या पासष्टीपर्यंत, जे आधी येईल ते. म्हणजे एक किल्ली समितीकडे, दुसरी राजभवनावर. २०२१ च्या डिसेंबरात विधिमंडळाने तिसरी किल्ली घडवली. समितीच्या यादीतली दोन नावं सरकारने निवडायची आणि ती राज्यपालांकडे पाठवायची! केवढा गदारोळ झाला. पुढे सरकार बदललं आणि ते विधेयक मागे घेतलं गेलं.

नेमणुकीवरून असं रण माजतं. पण माणूस खुर्चीत बसल्यावर त्याला विचारणारं कोण?

२०१७ चा उन्हाळा आठवा. मुंबई विद्यापीठाने सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका एकदम संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. जूनमध्ये लागायचे निकाल लागेनात. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घातली, तीही टळली. परदेशी प्रवेश मिळालेली मुलं गुणपत्रिकेसाठी ताटकळली. अखेर २४ ऑक्टोबरला राज्यपालांनी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं. गंमत पाहा, नेमणूक १९९४ च्या कायद्याखाली आणि गच्छंती २०१६ च्या!

कुलगुरूला काढणं अवघड असावं, याच मताचा मी आहे. कायदा त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी देतो, ते योग्यच. मंत्र्याचा फोन आला की ज्याची खुर्ची हलते, तो कसला कुलगुरू? पण म्हणूनच मधल्या पाच वर्षांत कोणीतरी वह्या तपासायला हव्यात. आमच्या शाखेत इन्स्पेक्शनची मंडळी न कळवता सकाळी दारात उभी राहत, चहासुद्धा नंतर घेत आणि आधी कॅश मोजत. त्यांचा राग यायचा. पण रात्री झोप लागायची ती त्यांच्यामुळेच.

विद्यापीठात हे काम काही अंशी अधिसभेचं. पदवीधर, शिक्षक, प्राचार्य यांचे निवडून आलेले प्रतिनिधी तिथे उठून प्रश्न विचारू शकतात. मग २०१७ च्या त्या उन्हाळ्यात त्यांनी काय विचारलं? काही नाही. जुन्या अधिसभेची मुदत २०१५ मध्येच संपली होती आणि नवा कायदा येणार म्हणून निवडणुका लांबल्या होत्या. पदवीधरांनी मतं दिली ती २०१८ च्या मार्चमध्ये. निकालांचा घोळ होऊन तोवर वर्ष उलटत आलं होतं.

त्या अधिसभेची मुदत २०२२ मध्ये संपली. पदवीधरांची पुढची निवडणूक झाली २०२४ च्या सप्टेंबरात.