तांब्याभर पाणी

दिनांक १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे लातूरच्या रेल्वे स्थानकात एक आगळी गाडी येऊन थांबली. तिच्यात उतारू नव्हते, की धान्याची पोती नव्हती. तिच्या दहा टाक्यांत होते केवळ पाणी! मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरांचा प्रवास करून ते पाणी तहानलेल्या शहरासाठी आले होते. पावसाने दगा दिला होता. मांजरा धरण कोरडे पडले होते. विहिरी आणि कूपनलिका आटल्या होत्या. पाण्यावरून भांडणे होऊ नयेत, म्हणून पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी करण्यास अधिकाऱ्यांनी बंदी घातली होती. पुढे काही महिने अशा पाण्याच्या गाड्या लातूरला येत राहिल्या.

त्या पहिल्या गाडीने सुमारे पाच लाख लिटर पाणी आणले. आकडा ऐकताना मोठा वाटतो. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार लातूर शहरात सुमारे ३ लाख ८३ हजार माणसे राहत होती. ते पाणी सर्वांना सारखे वाटले असते, तर माणशी सव्वा लिटरहून किंचित अधिक, म्हणजे जेमतेम तांब्याभर पाणी वाट्यास आले असते. त्यातच पिणे, त्यातच स्वयंपाक आणि त्यातच धुणीभांडी!

आता दुसरे एक गणित पाहावे. एखाद्या घरातील नळ नीट बंद होत नाही. त्यातून दर सेकंदास एक थेंब गळतो. साधारणपणे वीस थेंबांचे एक मिलिलिटर होते आणि एका दिवसाचे सेकंद होतात ८६,४००. म्हणजे त्या एका नळातून दिवसाकाठी चार लिटरांहून अधिक पाणी वाहून जाते. पहिल्या गाडीने लातूरच्या तीन माणसांना जेवढे पाणी दिले असते, तेवढे पाणी त्या घरात कोणाच्याही ओठांना न लागता मोरीतून निघून जाते. त्या घरातील माणसे काही दुष्ट नसतात. पहिल्या दिवशी तो ‘टप् टप्’ आवाज त्यांना ऐकूही येतो. चार दिवसांनी तो कानांच्या अंगवळणी पडतो आणि मग ऐकू येईनासा होतो. सवयीचे सामर्थ्य असे मोठे असते.

मग चांगली सवय लागते तरी कशी? ती केवळ उपदेशाने लागत नाही. लहान मूल वडीलधाऱ्यांचे बोलणे ऐकते थोडे आणि त्यांच्या हातांकडे पाहते फार. तांदूळ धुतलेले पाणी आई झाडाच्या मुळाशी ओतते, आजोबा दात घासताना नळ सोडून न ठेवता तांब्यात पाणी घेतात, खोलीतून बाहेर पडताना ताई दिवा मालवते. हे रोज पाहणाऱ्या मुलाला निराळा पाठ द्यावा लागत नाही. कोकणात व देशावर अनेक जुन्या घरांत मोरीचे पाणी परसात सोडलेले असे आणि त्यावर केळी व अळू वाढत. जुनेर झालेल्या लुगड्यांची गोधडी होई आणि गोधडी विरली की तिचेच पायपुसणे होई. कोणतीही वस्तू आपले शेवटचे काम केल्यावाचून घराबाहेर जात नसे.

परंतु जुन्या काळी सर्वच माणसे फार शहाणी होती, असे मात्र समजू नये. विहिरीवरून वा नदीवरून हंडा डोक्यावर वाहून आणणाऱ्या बाईला पाण्याचे मोल निराळे शिकवावे लागत नसे. तिच्या मानेला ते ठाऊक होते. पुष्कळ गावांत आजही स्त्रियांच्या वाट्याला हे कष्ट आहेत आणि ते लवकर संपावेत, हेच योग्य. जेथे ते संपले आणि नळ घरात आला, तेथे मात्र पाण्याचे वजन हातांना कळेनासे झाले. जे पूर्वी कष्टांनी शिकवले, ते आता समजुतीने शिकावे लागते. म्हणूनच आजच्या घरात सवयी जाणीवपूर्वक लावून घेणे अगत्याचे झाले आहे.

सवय म्हणजे काय, हे दाखविणारी एक गोष्ट काकासाहेब कालेलकरांनी सांगून ठेवली आहे. १९३० साली ते गांधीजींसमवेत पुण्याच्या येरवडा तुरुंगात होते. कापूस पिंजण्याच्या साधनाची तात चोळण्यासाठी गांधीजींना कडुलिंबाची थोडी पाने लागत. एके दिवशी काकासाहेबांनी पानांसाठी एक डहाळीच मोडून आणली. गांधीजींना ते रुचले नाही. चार पाने हवी असतील तर चारच तोडावीत आणि तीही झाडाची क्षमा मागून तोडावीत, असे त्यांनी समजावले. एक डहाळी मोडल्याने तो कडुलिंब काही वठणार नव्हता. परंतु प्रश्न झाडाचा जितका होता, तितकाच हाताचाही होता. चार पाने हवी असताना डहाळी मोडणारा हात पुढे सर्वत्र तसाच चालतो.

ताटातील अन्नाचेही असेच आहे. ‘पानात टाकू नये’ असे घरोघरी सांगतात. त्यामागे अन्नाविषयीचा आदर आहे, तसेच एक व्यवहारी सत्यही आहे. एक किलो तांदूळ पिकविण्यास हजार लिटरांहून अधिक पाणी लागते. त्यात शेतकऱ्याचे श्रम, बैलांचे वा यंत्राचे बळ आणि स्वयंपाकघरातील इंधन मिळवले म्हणजे पानात टाकलेल्या मूठभर भाताची खरी किंमत कळते. यावरचा उपाय अगदी सोपा आहे. प्रथम थोडे वाढून घ्यावे आणि भूक उरल्यास पुन्हा मागावे.

जे टाकावेच लागते, त्याचे काय? निसर्गात केर असा नसतोच. झाडाचे पान गळते, गांडुळे व डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव त्याचे खत करतात आणि ते पुन्हा झाडाच्याच कामी येते. भाजीचे देठ, फळांच्या साली, चहाचा चोथा यांचेही असेच खत होते. परसात खड्डा नसेल, तर सज्जातील भोके पाडलेली एक जुनी कुंडीही त्यासाठी पुरते. प्लास्टिकची पिशवी मात्र अशी कुजत नाही. तिचे बारीक बारीक तुकडे होतात आणि ते मातीत व पाण्यात राहतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि शहरात हाहाकार उडाला. एवढा पाऊस कोणत्याही शहराला भारीच. पण गटारे व नाले ज्या कचऱ्याने तुंबले होते, त्यात प्लास्टिकच्या पिशव्याही होत्या. पुढे जून २०१८ पासून महाराष्ट्रात अशा पिशव्यांवरील बंदी अमलात आली. बंदी सरकार घालू शकते. परंतु बाजारास निघताना खुंटीवरची कापडी पिशवी हाती घेणे, हे घरच्याच माणसाचे काम आहे.

ओला कचरा आणि सुका कचरा निराळे ठेवावेत, असा नियम आहे. पुष्कळांना तो कटकटीचा वाटतो. परंतु कचऱ्याच्या डब्यापलीकडेही माणसे असतात. पुण्यात कचरा वेचून पोट भरणाऱ्या कष्टकऱ्यांनी १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही आपली संघटना उभारली. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. खरकट्या भाजीत फुटलेली काच मिसळून टाकली, तर ती यांच्यासारख्याच कोणाच्या तरी बोटांत शिरते. ती काच कागदात गुंडाळून निराळी ठेवण्यास अर्धा मिनिट पुरतो. हा अर्धा मिनिट देणे म्हणजे न पाहिलेल्या माणसाची काळजी घेणे होय.

येथे कोणी विचारील, “एका घराने नळ दुरुस्त केल्याने लातूरचा दुष्काळ टळला असता काय?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच आहे. दुष्काळाची कारणे मोठी असतात. पाऊस कमी पडतो, जमिनीतील पाण्याचा बेसुमार उपसा होतो, थोड्या पाण्याच्या प्रदेशात फार पाणी पिणारी पिके घेतली जातात. यांवरचे निर्णय सरकारने आणि समाजाने मिळून घ्यावयाचे असतात. परंतु ते निर्णय घेणारी माणसे आकाशातून पडत नाहीत. ती घराघरांतूनच वाढतात. लहानपणी ज्याने गळणाऱ्या नळाची दखल घेतली, तोच पुढे गावच्या पाण्याचा हिशेब विचारतो.

शिवाय या कामी मुलांना मोठे होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. घरात कामे वाटून घेता येतात. एकाने रात्री निजण्यापूर्वी सर्व नळ पाहावेत, दुसऱ्याने ओल्या-सुक्या कचऱ्याचे डबे सांभाळावेत, तिसऱ्याने पाठकोऱ्या कागदांची वही शिवावी. वडीलधाऱ्यांची चूक दिसली तर ती नम्रपणे दाखवावी आणि स्वतःची कोणी दाखविली तर राग मानू नये. गळका नळ दुरुस्त करण्यास पुष्कळदा रबराची एक लहानशी चकती पुरते. तिची किंमत किरकोळ असते. फक्त कोणीतरी तो आवाज ऐकावा लागतो.

दारी पाहुणा आला की त्याच्यापुढे प्रथम गूळ-पाणी ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. तांब्या भरलेला असतो आणि शेजारी रिकामे फुलपात्र असते. पाहुणा हवे तेवढे पाणी ओतून घेतो, तहान भागवतो आणि तांब्यात उरलेले पाणी घरातील कोणी तुळशीला घालते. तहान भागते, मान राखला जातो आणि थेंबही वाया जात नाही. ज्या घरातील मुले हे रोज पाहतात, त्यांना तांब्याभर पाण्याचे मोल कळण्यासाठी पाण्याच्या रेल्वेगाडीची वाट पाहावी लागत नाही.