मस्तिष्कस्तंभ व मण्यारीचा दंश

मृगाचा पाऊस एकदां धरला म्हणजे रत्नागिरीकडील घरांत रात्रीची व्यवस्था बदलते. अंगणांत निजणारी मंडळी आंत येतात, ओटीवर व माजघरांत ओळीनें अंथरुणें पडतात, आणि बाहेर पाण्यानें भरलेल्या बिळांतून निघालेलें जनावरही कोरड्या जागेच्या शोधांत त्याच उंबरठ्याकडे वळतें. त्यांत मण्यार, जिला कोंकणांत कांहीं गांवीं कांडर म्हणतात, ही सर्वांत कपटी. दिवसा ती सहसा कोणाच्या वाटेस जात नाहीं. रात्रीं निजलेल्या माणसाला चावते, आणि दंश इतका निमूट असतो कीं पुष्कळदां झोपही मोडत नाहीं. पहांटे मुलगा पोटांत दुखतें म्हणून उठतो. आजी ओवा देते. थोड्या वेळानें त्याच्या पापण्या जड होतात. घरचीं माणसें म्हणतात, झोप पुरी झाली नाहीं. मग शब्द नाकांतून येऊं लागतात, थुंकी गिळवत नाहीं, मान सांवरत नाहीं. रुग्णालयांत पोंचेपर्यंत श्वास थांबत आलेला असतो. डोळ्यावर उजेड टाकला तरी बाहुली हालत नाहीं. अशा वेळीं दाराशीं उभा असलेला कोणी तरी हलकेंच म्हणतो, “आटोपलें!”

तें खरोखरीच आटोपलें आहे काय? या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं वाचकांस जेमतेम चार अंगुळें लांबीच्या एका अवयवाची ओळख करून द्यावी लागेल.

मेंदूच्या दोन मोठ्या गोलार्धांखालीं, आंगठ्याएवढ्या जाडीचा जो देठ पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूस जाऊन मिळतो, त्यास मस्तिष्कस्तंभ म्हणतात. याचे तीन भाग: वर मध्यमस्तिष्क, मध्यें सेतु आणि खालीं लंबमज्जा. मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. त्यांपैकीं वासाची व दृष्टीची अशा पहिल्या दोन वरच्या वर मेंदूस मिळतात. उरलेल्या दहांचा संबंध या स्तंभाशीं असतो. (अकरावीचीं बहुतेक मुळें मानेंतील मज्जारज्जूंतून येतात, हा अपवाद ध्यानांत असावा.) स्तंभाच्या आंत मज्जापेशींचे लहान लहान पुंजके आहेत. स्नायूंस आज्ञा देणारे तंतु यांतील कांहींपासून निघतात, आणि संवेदना आणणारे तंतु दुसऱ्या कांहींपाशीं येऊन थांबतात. यांनाच त्या त्या मज्जातंतूचीं केंद्रें म्हणावयाचें.

या केंद्रांची मांडणी मोठी शिस्तीची आहे. मज्जारज्जूंत संवेदनेचा भाग मागें व आज्ञेचा भाग पुढें असतो. गर्भावस्थेंत ही नळी सेतु व लंबमज्जेचा वरचा भाग येथें पोथी उघडावी तशी मागून उघडते. त्यामुळें पाठीकडील संवेदनेचीं केंद्रें दोहों बाजूंस सरकतात आणि आज्ञेचीं केंद्रें मधल्या रेषेजवळ राहतात. ही एक गोष्ट उमजली म्हणजे पाठांतराचें निम्में ओझें उतरतें. डोळा फिरविणाऱ्या व पापणी उचलणाऱ्या तिसऱ्या तंतूचें केंद्र मध्यमस्तिष्कांत; त्याच्याच खालीं चौथ्याचें. हा चौथा प्रत्येक डोळ्याचा एकच स्नायु हालवितो, आणि तोही पाठीमागून बाहेर पडून पलीकडच्या बाजूचा! चेहऱ्याची जाणीव नेणाऱ्या पांचव्याचीं केंद्रें मात्र मध्यमस्तिष्कापासून थेट मानेपर्यंत पसरलेलीं आहेत. सेतूंत सहावा डोळा बाहेरच्या बाजूस वळवितो, आणि चेहरा हालविणाऱ्या सातव्याचे तंतु निघतांना त्या सहाव्याच्या केंद्रास वळसा घालून जातात. म्हणून त्या जागीं लहानशी गुठळी झाली तरी डोळा बाहेर वळेनासा होतो आणि त्याच बाजूचा चेहराही लुळा पडतो. श्रवण व तोल आठव्याकडे. नववा, दहावा व बारावा हे गिळणें, आवाज व जीभ यांचे धनी. त्यांचीं मुख्य केंद्रें लंबमज्जेंत आहेत. श्वासोच्छ्वासाची लय राखणाऱ्या पेशीही तेथेंच.

अर्थात् स्तंभ जिवंत आहे कीं नाहीं हें चेहऱ्यावरून व घशावरून वाचतां येतें. बाहुलीवर प्रकाश टाकला तर दुसरा तंतु बातमी नेतो व तिसरा उत्तर देतो. बुबुळास कापसाचें टोंक लावलें तर पांचवा कळवितो, सातवा पापणी मिटवितो. कानांत थंड पाणी सोडलें तर आठव्याच्या सांगण्यावरून तिसरा व सहावा डोळे वळवितात. घशांत नळी हालविली तर नववा व दहावा खोकला काढतात. शेवटीं श्वासयंत्र थांबवून रक्तांतील कर्बवायु वाढूं देतात आणि छाती हालते काय हें पाहतात. आपल्या देशांत मानवी अवयव प्रत्यारोपणाचा जो कायदा १९९४ सालीं झाला, त्यानें मस्तिष्कस्तंभाचा मृत्यु हा मृत्युच मानला. या परीक्षा चार वैद्यांच्या मंडळानें कराव्या, आणि किमान सहा तासांनीं पुन्हा कराव्या, असा नियम आहे.

परंतु या साऱ्या परीक्षेस एक पूर्वअट आहे, आणि आमच्या मतें सर्व मर्म तिच्यांतच आहे: एखाद्या विषानें किंवा औषधानें स्नायूच निकामी झालेले नाहींत, याची आधीं खात्री हवी. मण्यारीचें विष स्तंभाच्या केंद्रांस मारीत नाहीं. तें मज्जातंतूच्या अगदीं शेवटच्या टोंकाशीं, जेथें तंतु स्नायूस भिडतो तेथें बसतें, आणि आज्ञा पोंचविणाऱ्या रसाचा तेथील सांठाच नष्ट करतें. केंद्रें जागच्या जागीं शाबूत असतात, हुकूम सोडीत असतात. हुकूम पोंचत मात्र नाहीं. डोळ्यांचे व पापण्यांचे स्नायु सर्वांत आधीं हार खातात, मग घसा, मग छाती. परिणामीं वरील प्रत्येक परीक्षेंत रोगी मेल्यासारखा दिसतो, आणि तरीही श्वास वेळेवर चालू ठेवला गेला असेल तर तो आंतून जागा असूं शकतो. बरे झालेल्या कांहीं रोग्यांनीं उशाशीं झालेलें बोलणें पुढें सांगितलेलेंही आहे. ती स्थिति किती भयंकर असेल याची कल्पना करवत नाहीं.

प्रतिविष रक्तांतील विष बांधतें. परंतु मण्यारीनें मोडलेलें तंतूचें टोंक तें दुरुस्त करूं शकत नाहीं. तें टोंक पुन्हा वाढावें लागतें आणि त्यास कित्येक दिवस लागतात. तोंवर दुसऱ्यानें रोग्यासाठीं श्वास घ्यावयाचा, यंत्रानें किंवा यंत्र नसेल तर हातानें दाबावयाच्या पिशवीनें, एवढेंच खरें औषध. रत्नागिरीच्या उत्तरेस महाड येथें डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं विंचू व सर्प यांच्या दंशावर जें काम केलें तें सर्वश्रुत आहे. मण्यार व नाग यांच्या विषबाधेवरील ग्रामीण भागांतील उपचारांचा अनुभव डॉ. बावस्कर दांपत्यानें २००४ सालीं प्रसिद्ध केला. रत्नागिरी जिल्ह्यांतही आतां डेरवणास वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २०२३ पासून खुद्द रत्नागिरींत सरकारी महाविद्यालय सुरू झालें आहे. पूर्वीच्या पिढीस मुंबईचा रस्ता धरावा लागे, तशी गत राहिली नाहीं.

आजही खरी नड घरापासून रुग्णालयापर्यंतच्या वाटेवर असते. मांत्रिकाकडे गेलेला एक तास कोणत्याही यंत्रानें परत मिळत नाहीं. पापणी पडूं लागलेल्या माणसास पाणी, दूध, तूप कांहींही पाजूं नये. गिळण्याचा मार्ग बंद झालेला असतो व तें श्वासनलिकेंत उतरतें. त्यास कुशीवर निजवावें, जखम कापूं नये, अवयव आवळून बांधूं नये, आणि १०८ ची गाडी बोलवावी. श्वास थांबलाच तर वाटेंत तोंडानें तोंडांत वारा भरावा. मच्छरदाणी गादीखालीं नीट खोंचून निजलेल्यांस हा दंश कमी होतो, असें नेपाळच्या तराईंत दिसून आलें आहे. जेथें मुलें जमिनीवर निजतात अशा घरीं तेवढा खर्च अवश्य करावा.

आणि रोगी यंत्रावर निपचित पडला असतां घरच्या मंडळींनीं त्याच्या उशाशीं अंत्यविधीची वाटाघाट करूं नये. त्यास नांवानें हांक मारावी, आज वार कोणता, बाहेर पाऊस आहे कीं उघडीप, तें सांगावें. पापणी बोटानें उचलून धरावी म्हणजे त्यास समोरचें माणूस दिसेल. कांहीं दिवसांनीं एखाद्या सकाळीं त्याच्या बोटाचें पेर हालतें, आणि मग कोणी विचारलें असतां तो त्याच बोटानें ‘हो’ म्हणतो.