कोल्हापुरीची बाजू कोण मांडतं?

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचत असतात, ‘चांगभलं’चा गजर नि गुलालाची उधळण सुरू असते. दर्शन उरकून आलेले भाविक पायऱ्यांपाशी आपापली जोडी हुडकत असतात. रबराच्या ढिगात एखादी कापशी कोल्हापुरी चप्पल सापडते: बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेलं कातडं, कातड्याच्याच वादीचे टाके, पट्ट्यावर बारीक वेणी. गुलाल कितीही झटकला तरी वेणीच्या पेडांत उरतोच. ही वेणी घालायचं काम बहुतेक घरांत बायकांकडे असतं. त्यांच्या हाताचं नाव चपलेवर कुठंच नसतं.

जून 2025मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं तशाच घडणीचं पायताण मिरवलं आणि त्याला नुसतं ‘लेदर सँडल’ म्हटलं. कोल्हापूरचा उल्लेखही नव्हता. कोल्हापुरातल्या सुभाषनगरच्या एखाद्या कारागिरानं इटलीला पत्र धाडलं असतं तर उत्तर आलं असतं का? पत्र गेलं ते ‘महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स, इंडस्ट्री अँड ॲग्रिकल्चर’चं, अध्यक्ष ललित गांधी यांच्या सहीनं. वालचंद हिराचंदांनी 1927मध्ये उभी केलेली ही संस्था. काही दिवसांतच प्राडाचे लोरेन्झो बर्तेली यांचं उत्तर आलं. या पादत्राणांची प्रेरणा भारतीय हस्तकलेतून घेतल्याचं त्यांनी मान्य केलं. जुलैच्या मध्यात कंपनीची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांचं काम बघून गेली.

त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात मात्र वेगळं घडलं. काही वकिलांनी कारागिरांच्या वतीनं प्राडाविरुद्ध जनहित याचिका केली होती. ती फेटाळली गेली. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनाचे मालक तुम्ही नाही, ज्यांची नोंदणी आहे ते स्वतः येऊ शकतात, असा न्यायालयाचा मुद्दा होता. कळवळा खरा असला तरी तेवढ्यानं बाजू मांडण्याचा अधिकार मिळत नाही.

भौगोलिक मानांकनाचा 1999चा कायदा मुळातच समूहासाठी आहे. अर्ज उत्पादकांची संघटना, संस्था किंवा सरकारी प्राधिकरण करतं. एकट्या कारागिराला पुढं ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नाव नोंदवता येतं. कोल्हापुरी गुळाचं मानांकन बाजार समितीकडे आहे. चपलेचं मानांकन दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांकडे आहे: आपलं संत रोहिदास महामंडळ आणि कर्नाटकचं बाबू जगजीवन राम महामंडळ. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. पलीकडं बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमावादाच्या भागात एका चपलेनं आठ जिल्हे बांधले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कर्नाटकातच खाली कॉफीचा मुलूख आहे. कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरीच्या कॉफीलाही 2019मध्ये मानांकन मिळालं, कॉफी बोर्डामार्फत. पण तिथं संघटनेची सवय जुनी. दक्षिणेतल्या मळेवाल्यांची ‘उपासी’ ही संघटना 1893पासून सरकारदरबारी भांडते आहे. 1942च्या कायद्यानंतर कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात माल द्यावा लागे. ते बंधन सैल होत 1996पर्यंत बाजार मोकळा झाला. जमीन, पैसा, इंग्रजी पत्रव्यवहार यांतलं काहीच मळेवाल्यांना नवं नव्हतं. आमचा चर्मकार कारागीर घराच्या पडवीत, आरीवर वाकून बसलेला. सभेला गेला तर त्या दिवशी जोडी होत नाही, आणि जोडी झाली नाही तर रोज सुटत नाही.

म्हणून चेंबरच्या पत्राचं मला मोल वाटतं, आणि तिथंच काळजीही वाटते. ‘चप्पल व्यवसायाचं हित’ हे एक हित नव्हे. चप्पल लाईनीतल्या दुकानदाराला स्वस्त माल हवा असतो, कारागिराला मजुरी वाढवून हवी असते. वेणी घालणारीला निदान मोजदादीत यायचं असतं.

डिसेंबर 2025मध्ये प्राडा आणि दोन्ही महामंडळांत करार झाला. सुमारे 800 युरोंची जोडी, अशा 2000 जोड्या दोन्ही राज्यांत करून घ्यायच्या, कारागिरांना प्रशिक्षण द्यायचं, असं ठरलं. आता अधिकृत वापरकर्त्यांच्या नोंदवहीची शिबिरं कापशी गावात, सुभाषनगरात, थेट गल्लीत भरवायला हवीत, महामंडळानं आणि चेंबरनं मिळून. अर्ज मराठीत असावा, भरून द्यायला माणूस असावा. आणि एका घरातून दोन नावं घ्यावीत: तळ कापणाऱ्याचं आणि वेणी घालणारीचं.