स्मार्ट म्हणजे काय गं, आई?

लेकीच्या इथल्या शाळेतली पहिली पालकसभा. बाई हसून म्हणाल्या, "शी इज सो स्मार्ट!" मी चमकून लेकीकडे पाहिलं. सुटलेली वेणी, दोन पायांत दोन रंगांचे मोजे. हिला स्मार्ट म्हणतात? घरी येईपर्यंत डोक्यात प्रकाश पडला. बाई तिच्या बुद्धीबद्दल बोलत होत्या!

आपल्याकडे 'मुलगा स्मार्ट आहे' म्हटलं की इस्त्रीचा शर्ट आणि नीट पाडलेला भांग डोळ्यांसमोर येतो. ही ब्रिटिश वळणाची इंग्रजी. तिकडे टापटीप पोशाखाला आजही स्मार्ट म्हणतात. अमेरिकेत मात्र स्मार्ट म्हणजे आधी हुशार. गंमत अशी, की मूळ अर्थ या दोन्हींपेक्षा वेगळा. सुमारे १००० वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत स्मार्ट म्हणजे झोंबणारं, वेदना देणारं. जखमेवर औषध लावल्यावर होणाऱ्या चुरचुरीला इंग्रजीत अजून हेच क्रियापद आहे. झोंबणारं ते तीक्ष्ण, तीक्ष्ण ते चलाख, असा त्याचा प्रवास झाला. आपले तिखट आणि तीक्ष्णही एकाच घराण्यातले, नाही का?

हा शब्द उलटतोही. "डोंट गेट स्मार्ट विथ मी" म्हणजे जास्त शहाणपणा नको! आपल्या 'शहाणी'चं तेच. "शहाणी गं माझी बाय ती" आणि "मोठी आली शहाणी" यांत फरक फक्त सुराचा.

इथवर सगळं गमतीचं होतं. पण काही महिन्यांनी लेक अवघड गणित आलं की वही मिटू लागली. "आय ॲम नॉट स्मार्ट ॲट धिस." काळजात चर्र झालं. भारतात शिक्षिका असताना मीही वर्गात 'हुशार आहेस' हे शब्द खिरापतीसारखे वाटले होते.

क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली पाचवीच्या मुलांवरचं संशोधन प्रसिद्ध केलं. बुद्धीचं कौतुक झालेल्या मुलांचा कल सोप्या कामाकडे राहिला आणि अपयश आल्यावर ती लवकर खचली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं अवघड कामाला भिडली. कारण उघड आहे. 'हुशार' ही पदवी मिळाली की ती जाण्याची भीतीही सोबत येते.

तेव्हापासून मी लेकीला विचारते, "कसं सोडवलंस, दाखव ना." परवा एका अपूर्णांकाशी ती अर्धा तास झटली. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमलं. "आई, मी स्मार्ट आहे ना?" मी म्हटलं, "चिकाटीची आहेस." तिला शब्द नवा होता, पण आवडला.

या दिवाळीत आपली मुलं मातीचा किल्ला करतील, रांगोळी काढतील. 'सो स्मार्ट' म्हणून पुढे जाण्याआधी जरा थांबू या आणि विचारू या, "हा बुरूज उभा कसा केलास रे?"