एका संगणकावर दोन फायरफॉक्स

डेबियन या लिनक्स-आधारित ऑपरेटिंग सिस्टिमची ‘स्टेबल’ आवृत्ती साधारण दोन वर्षांनी एकदा येते. ती आली की तिच्यातल्या हजारो पॅकेजांचे क्रमांक जवळपास गोठतात. पुढे सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या तेवढ्या येत राहतात. सर्व्हर सांभाळणाऱ्याला हेच हवं असतं. ब्राउझर मात्र या शिस्तीत बसत नाही. मोझिला २०११ पासून फायरफॉक्सच्या आवृत्त्या झपाट्याने काढते आहे. सुरुवातीला दर सहा आठवड्यांनी, २०२० पासून चार आठवड्यांनी. अनोळखी साइटचा कोड रोज चालवणारा प्रोग्रॅम दोन वर्षं जुना ठेवणं धोक्याचं आहे. आणि प्रत्येक नवी दुरुस्ती जुन्या कोडमध्ये हाताने बसवत राहणं स्वयंसेवकांच्या आवाक्यातलं नाही.

यातून वाट निघाली ती २०१२ मध्ये. फायरफॉक्स १० पासून मोझिलाने ‘ईएसआर’ ही दीर्घ आधाराची शाखा सुरू केली. साधारण वर्षभर तिचा पाया तोच राहतो, वर फक्त दुरुस्त्या चढतात, आणि पुढची ईएसआर आल्यावरही जुनी काही महिने सोबत चालते. डेबियनच्या स्टेबलमध्ये ‘फायरफॉक्स-ईएसआर’ हे पॅकेज मिळतं. चालू आवृत्तीचं ‘फायरफॉक्स’ हे पॅकेज फक्त ‘अनस्टेबल’ शाखेत असतं.

ही दोन्ही एकाच संगणकावर बसवता येतात. पॅकेज व्यवस्थेचा मूळ नियम असा, की एका फाइलचा मालक एकच. म्हणून दोघांना ‘लिब’ फोल्डरमध्ये आपापली स्वतंत्र जागा दिली आहे. अडचण येते ती ‘फायरफॉक्स’ या आज्ञेपाशी. टर्मिनलमध्ये हा शब्द टाइप केल्यावर कोणता ब्राउझर उघडायचा? ईएसआरचं पॅकेज इथे ‘डायव्हर्ट’ची सोय वापरतं. दुसऱ्या पॅकेजची ‘फायरफॉक्स’ नावाची फाइल आली, तर तिला ‘फायरफॉक्स.रिअल’ या नावाने बाजूला बसवायचं, असं ते व्यवस्थेला आधीच सांगून ठेवतं. मूळ नावाच्या जागी स्वतःची चार ओळींची स्क्रिप्ट ठेवतं. ती स्क्रिप्ट पाहते, ‘.रिअल’ आहे का? असेल तर नवा ब्राउझर चालवते, नसेल तर ईएसआर. इतक्या छोट्या स्क्रिप्टने इतका स्वच्छ निवाडा केलेला पाहिला, की पॅकेज बांधणाऱ्यांच्या कसबाची खरोखर दाद द्यावीशी वाटते.

आता क्रमांक पाहू. स्टेबलमधल्या ईएसआरचा एक क्रमांक असा होता: १२८.५.०ईएसआर-१~डेब१२यू१. पहिला भाग मोझिलाचा. जोडरेघेनंतरचा १ डेबियनचा. आणि शेवटचा भाग सांगतो, की हे डेबियन बारासाठी बांधलेलं पहिलं अद्ययावत पॅकेज. यातली नागमोडी रेघ मोलाची आहे. डेबियनच्या तुलनेत ती ‘काहीच नाही’ याच्याही आधी येते. म्हणजे ‘-१~डेब१२यू१’ हे नुसत्या ‘-१’ पेक्षा लहान, आणि ‘-१~डेब१३यू१’ पेक्षाही लहान ठरतं. त्यामुळे बारावरून तेरावर जाणाऱ्याचा ब्राउझर आपोआप पुढच्या पॅकेजवर सरकतो, मूळ ब्राउझर तोच असला तरी. भाषांची पॅकेजं याच क्रमांकाला घट्ट बांधलेली असतात. फायरफॉक्सचे मेनू मराठीत दाखवणारं ‘फायरफॉक्स-ईएसआर-एल१०एन-एमआर’ हे पॅकेजही ब्राउझरच्या त्याच आवृत्तीची अट घालतं, कारण मेनूतले शब्द आवृत्तीगणिक बदलू शकतात.

क्रमांकांची ही तुलना कधी आडही येते. डेबियनवरच आधारलेल्या उबुंटूने २२.०४ पासून फायरफॉक्स फक्त ‘स्नॅप’ स्वरूपात दिला आणि त्या नावाचं जे पोकळ पॅकेज मागे ठेवलं, त्याच्या क्रमांकाच्या पुढे ‘१:’ आहे. या आकड्याला ‘ईपॉक’ म्हणतात आणि तुलनेत तो सगळ्यांच्या आधी पाहिला जातो. म्हणून मोझिलाच्या स्वतःच्या भांडारातला शंभराच्या पुढचा फायरफॉक्सही तिथे लहान ठरतो, आणि त्या भांडाराला हाताने १००० चं प्राधान्य द्यावं लागतं.

खरे कष्ट वेगळ्याच ठिकाणी आहेत. फायरफॉक्सचा बराच भाग आता रस्ट भाषेत आहे आणि दर नव्या ईएसआरला नवा रस्ट कंपायलर लागतो. स्टेबलमधला कंपायलर जुना. तो बदलावा तर त्यावर अवलंबून असलेली इतर पॅकेजं बिघडण्याची भीती. म्हणून डेबियनने ‘रस्टसी-मोझिला’, पुढे ‘रस्टसी-वेब’, अशी ब्राउझरपुरती वेगळी कंपायलर पॅकेजं बांधली. माझ्या मते सर्वांत कमी दखल घेतली जाते ती याच कामाची.

हे सगळं जमलं, तरी वापरणाऱ्याचे बुकमार्क आणि पासवर्ड, म्हणजेच त्याची ‘प्रोफाइल’, सांभाळायची उरते. नवा ब्राउझर प्रोफाइलमधल्या फाइलींची रचना बदलतो. तीच प्रोफाइल मग जुन्याने उघडली तर माहिती बिघडू शकते. फायरफॉक्स ६७ पासून, म्हणजे २०१९ पासून, प्रत्येक बसवलेल्या प्रतीला स्वतःची प्रोफाइल मिळते, आणि नव्या ब्राउझरने वापरलेली प्रोफाइल जुना ब्राउझर उघडत नाही. नवी तयार करा, असं सुचवतो. कोणती प्रत कोणती, हे फायरफॉक्स ओळखतो तो ज्या फोल्डरात बसला आहे त्याच्या पत्त्यावरून. पॅकेजरने तो पत्ता बदलला, तर तोच ब्राउझर स्वतःला नवी प्रत समजून कोरी प्रोफाइल उघडू शकतो. जुनी डिस्कवर सुखरूप असते, पण समोर बसलेल्या माणसाला वाटतं सगळं गेलं. म्हणून ‘लिब’मधल्या त्या फोल्डराचं नाव पॅकेजर सहसा बदलत नाहीत.