रेवसचे तिकीट आणि चुकीच्या टाइपची किंमत

प्रोग्रॅम चालतो, हिशेब चुकतो

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला येणाऱ्या लाँचच्या तिकिटांसाठी पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहायचा आहे, असे समजा. एक फंक्शन केले: भाडे(प्रवासी, दर). आत फक्त गुणाकार. उदाहरणापुरता दर १०० रुपये धरू. खिडकीवर कुणी प्रवासी ३ म्हणून टाइप केले. पण कीबोर्डवरून आलेले सारे पायथनला स्ट्रिंग म्हणून, म्हणजे नुसता मजकूर म्हणून मिळते. स्ट्रिंगला पूर्णांकाने गुणले तर पायथन कुरकूर करत नाही, ती स्ट्रिंग तितक्या वेळा पुन्हा लिहितो. ३०० ऐवजी तीनाचा आकडा सलग शंभर वेळा उमटतो.

प्रोग्रॅम बंद पडला असता तर चूक लगेच कळली असती. तो चालत राहतो, हा खरा धोका.

न चालवता वाचणे

स्टॅटिक अ‍ॅनालिसिस म्हणजे कोड न चालवता वाचून तपासणे. तपासणारे साधन आधी कोडची रचना उलगडते, प्रत्येक फंक्शनला कोणत्या टाइपचे, म्हणजे आकडा की मजकूर अशा कोणत्या प्रकारचे, आर्ग्युमेंट हवे ते नोंदवते आणि मग जिथे जिथे ते फंक्शन वापरले आहे तिथे प्रत्यक्ष काय दिले आहे ते ताडून बघते. मधे चार व्हेरिएबलमधून किंमत फिरली असली तरी तिचा माग काढते आणि फाइल व ओळीसह चूक दाखवते.

सी भाषेचे सुरुवातीचे कंपायलर ही ताडणी करत नसत. ती उणीव भरायला बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये ‘लिंट’ लिहिले. पुढे १९८९ च्या मानकात फंक्शनच्या घोषणेतच टाइप लिहिण्याची सोय आली. पायथनमध्ये टाइप लिहिण्याची ठरलेली पद्धत २०१५ साली, ३.५ आवृत्तीपासून मिळाली. ते टाइप पायथन स्वतः चालताना तपासत नाही. ‘मायपाय’सारखे साधन तपासते.

पुणे आणि पवई

हा विषय आपल्याकडे जोमाने वाढला आहे. पुण्यात १९८१ मध्ये सुरू झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये सी कोड तपासणारे ‘टीसीएस एम्बेडेड कोड अ‍ॅनालायझर’ घडले. पवईच्या आयआयटीतले उदय खेडकर आणि अमिताभ सन्याल यांनी बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेला डेटा फ्लो अ‍ॅनालिसिसवरचा ग्रंथ २००९ मध्ये निघाला. किंमत कुठून निघून कुठे पोचते, याचेच ते शास्त्र.

कुठल्याही प्रोग्रॅमच्या वागण्याबद्दल नेहमी अचूक उत्तर देणारे साधन बनूच शकत नाही, हे हेन्री राइस यांनी १९५१ मध्येच सिद्ध केले. त्यामुळे काही चुका निसटतात किंवा काही इशारे खोटे निघतात. खोटे इशारे फार झाले की लोक तपासणीच बंद करतात, आणि माझ्या मते ते निसटलेल्या चुकांहून वाईट.

साधन कुठे गप्प बसते

ज्या फंक्शनवर टाइप लिहिलेले नाहीत त्याच्या आत मायपाय एरवी डोकावतच नाही. ‘जेसन’ या माहिती साठवण्याच्या मजकुरी स्वरूपातून वाचलेल्या माहितीचा टाइप ‘एनी’ ठरतो, आणि ‘एनी’ कुठेही चालतो. म्हणून बाहेरची माहिती आत येते त्या उंबऱ्यावरच तिचे रूपांतर करावे आणि तिथल्या फंक्शनांना आधी टाइप लावावेत.

त्याहून अवघड गोष्ट एककांची. रेवसला गाळ साचतो. ओहोटीला लाँच धक्क्याला लावताना पाणी किती आहे हे बघावेच लागते. कोकणातला खलाशी खोली वावांत सांगतो, नकाशा मीटरमध्ये. एक वाव म्हणजे सहा फूट, सुमारे १.८३ मीटर. कोडमध्ये मात्र दोन्ही नुसते दशांश आकडे, त्यामुळे साधनाला काहीच वावगे दिसत नाही. १९९९ मध्ये नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर असेच गेले: एका प्रोग्रॅमने पाउंड-सेकंदात दिलेले आकडे दुसऱ्याने न्यूटन-सेकंदात धरले.

उपाय स्वस्त आहे. पायथनच्या ‘न्यूटाइप’ने मीटर आणि वाव असे दोन वेगळे टाइप करायचे. मग मीटर मागणाऱ्या फंक्शनला वाव दिले की मायपाय अडवते. दोन्हींची थेट बेरीज केली तर त्या ओळीवर इशारा येत नाही. पण बेरजेचा टाइप पुन्हा साधा दशांश होतो आणि तो मीटरच्या जागी दिला की तिथे अडतो.