वॉर्डातला तुसडेपणा आणि रुग्णाची सुरक्षितता

काचेच्या पेटीपाशी

इस्रायलमधल्या नवजात अतिदक्षता विभागांतल्या २४ पथकांवर झालेला एक प्रयोग २०१५ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रत्येक पथकात एक डॉक्टर आणि दोन नर्स. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाच्या आतड्याला गंभीर आजार झालाय, प्रकृती झपाट्याने ढासळतेय, असा सराव होता. परदेशी तज्ज्ञ काम पाहणार, असं सर्वांना सांगितलं होतं. हा तज्ज्ञ काही पथकांशी नीट बोलला; इतरांना त्याने तिथल्या वैद्यकीय दर्जाबद्दल हिणकस शेरे ऐकवले. ना शिवी, ना आरडाओरडा.

तेवढ्यानेही निदान आणि उपचार दोन्ही घसरले. कोणाला काय ऐकावं लागलं हे परीक्षकांना माहीत नव्हतं. पथकांच्या गुणांतल्या फरकाचा सुमारे १२ टक्के भाग निव्वळ या उद्धटपणाशी जोडता आला.

नेमकं काय तुटतं

बोलणं तुटतं. दुखावलेल्या पथकात माहितीची देवाणघेवाण आटली, म्हणून निदान चुकलं. मदत मागणं कमी झालं, म्हणून हातातलं काम बिघडलं. आपल्याकडे राउंडवर सगळ्यांसमोर रेसिडेंटला झापणं ‘शिस्त’ म्हणून खपतं. पण तेच ऐकून मागे उभी असलेली सिस्टर औषधाच्या मात्रेबद्दलची शंका गिळून टाकते.

स्वतःला कळतही नाही

मला सर्वांत भीतिदायक वाटतो तो २०१९ सालचा अभ्यास. भूलशास्त्राच्या निवासी डॉक्टरांना शस्त्रक्रियेतला छुपा रक्तस्राव ओळखायचा होता. सर्जन सौजन्याने वागला तेव्हा ९१ टक्के जण अपेक्षित पातळीवर होते. तो तुसडेपणाने वागला तेव्हा ६४ टक्केच. आणि आपलं काम खालावलंय याची त्यांना जाणीवच नव्हती.

उपाय कोणी करायचा

इस्रायलच्याच संशोधकांनी २०१७ मध्ये आणखी एक प्रयोग केला. त्यात शत्रुभावाकडे कमी लक्ष जावं असं प्रशिक्षण आधीच दिल्याने बरंचसं नुकसान टळलं. नंतर त्या अनुभवाबद्दल लिहिण्याने मात्र ते टळलं नाही. तरी, ऐकून घेणाऱ्यालाच निगरगट्ट करणं मला अन्यायाचं वाटतं. जबाबदारी वरून सुरू व्हावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या शस्त्रक्रिया-यादीत चीर देण्याआधी प्रत्येकाने नाव आणि काम सांगायचं असतं. ते घाईत उरकू नये. रात्री दोनला शंका विचारणाऱ्या ज्युनिअरला ‘एवढंही कळत नाही?’ म्हणण्याऐवजी ‘बरं केलंस विचारलंस’ असं विभागप्रमुखाने म्हणावं, आणि सकाळी राउंडवर सर्वांदेखत तेच पुन्हा सांगावं.